भाग ३१ : औंध, राजानं सोडून दिलेलं राज्य

(या भागाचं शब्दांकन खाली देतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' जास्तीचे आले ते काढलेत, बाकी जसंच्या तसं आहे.)



आजचा भाग गावकीवर आहे. भांडणांवर नाही, गावाच्या कारभारावर. एखाद्या छोट्या गावाला स्वतःचा कारभार स्वतः करायचा हक्क कुठून येतो, तो कोण देतं आणि दिलेला हक्क टिकतो का, असा साधा प्रश्न आहे. उत्तर शोधायला आपल्याच सातारा-सांगलीत जाऊ, पण जाता जाता इटलीतून एक चक्कर मारू.

इटलीच्या उत्तरेला, डोंगरात, मोर्तेरोने नावाचं एक गाव आहे. लोकसंख्या साधारण तीस. तीस हजार नाही, तीस. आपल्याकडं एका वाड्यात एवढी माणसं निघतील. आता गंमत बघा. या तीस माणसांच्या गावाला महापौर आहे आणि निवडून आलेली कौन्सिल आहे. कायद्याच्या भाषेत त्या गावाला 'कोमूने' म्हणतात, आणि पंचवीस-तीस लाखांच्या रोम शहरालाही मुळात हाच शब्द लागू होतो. आपल्याकडं ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशी उतरंड असते. तिकडं लहान-मोठं सगळं कोमूने, आणि देशभरात अशी आठ हजारांच्या आसपास आहेत.

हा शब्द फार जुना आहे. अकराव्या-बाराव्या शतकात उत्तर आणि मध्य इटलीतल्या शहरांमधे लोकांनी एकत्र येऊन शपथ घेतली, की इथून पुढं आमचा कारभार आम्ही बघू. वर सम्राट होता, बिशप होता, सरदार होते, पण या लोकांनी आपले कारभारी आपणच निवडले. पुढं ही पद्धत खेड्यांपर्यंत पोचली. म्हणजे तिथल्या स्थानिक कारभाराच्या मुळाशी खालून आलेली शपथ आहे.

आता आपल्याकडं या.

सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ मधे खालसा केलं. १८५० मधे नगरपालिकांचा एक कायदा आला, आणि त्या दशकात सातारा, कराड, विटा, इस्लामपूर अशा आपल्या गावांमधे एकेक करत नगरपालिका उभ्या राहिल्या. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते आणि त्यासाठी कर, हे त्यांचं काम. सुरुवातीला सभासद सरकारच नेमायचं. निवडणुकीचा विषय खऱ्या अर्थानं आला तो १८८२ मधे लॉर्ड रिपनच्या ठरावानंतर, आणि तेव्हाही मत ज्याच्याकडं मालमत्ता आहे त्याला. म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेचा जन्म वरून, सरकारच्या सोयीसाठी झालेला.

तर दोन नमुने झाले. एक खालून शपथ घेऊन आलेला, दुसरा वरून कायद्यानं आलेला. पण याच भागात एक तिसरा नमुना होऊन गेला, आणि तो या दोन्हींत बसत नाही. तिथं राजानंच राज्य सोडलं आणि ते गावांच्या हातात दिलं. त्याचं नाव औंध.

पुण्याच्या लोकांना सांगतो, हे विद्यापीठापुढचं, बाणेर-औंधवालं औंध नाही. आयटीत काम करताना मी 'औंध' म्हटलं की समोरचा विचारतो, "डी-मार्टच्या जवळ का?" नाही बाबा. हे खटाव तालुक्यातलं, साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचं, यमाईच्या डोंगराखालचं औंध.

प्रतिनिधी कोण?

औंधचे राजे म्हणजे पंतप्रतिनिधी. हे आडनाव नाही, हुद्दा आहे. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज १६८९ मधे जिंजीला गेले. राज्याचा राजा तिकडं तमिळ मुलखात आणि मोगल इकडं महाराष्ट्रात. त्या वेळी जिंजीत 'प्रतिनिधी' हे नवं पद तयार झालं. राजाच्या वतीनं निर्णय घेणारा माणूस. अष्टप्रधानांच्याही वरचा मान. पहिला मान प्रल्हाद निराजींना मिळाला, आणि पुढं हे पद परशुराम त्रिंबक यांच्याकडं आलं. हे कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचे, कुलकर्णी घराण्यातले. मोगलांशी लढताना वर आलेला माणूस. आधी ताराबाईंच्या बाजूनं होते, शाहू महाराजांच्या कैदेत गेले, आणि नंतर शाहूंनीच त्यांना पुन्हा प्रतिनिधी केलं. तेव्हापासून हे पद त्याच घराण्यात राहिलं.

पेशवाई वाढली तशी प्रतिनिधींची सत्ता कमी झाली. पेशवाईच्या शेवटी शेवटी परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींना बापू गोखल्यांनी पकडलं, तेव्हा त्यांच्या बाजूनं वासोटा किल्ला लढवला तो ताई तेलिणीनं. ती गोष्ट मोठी आहे, तिचा वेगळा भाग करू.

१८१८ मधे पेशवाई गेली. १८२० मधे इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले. औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट वगैरे. सातारचं राज्य खालसा झाल्यावर हे जहागीरदार थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले, आणि अशा रीतीनं औंध हे एक संस्थान झालं.

पण नकाशा बघितलात तर डोकं धरून बसाल. संस्थान एकसंध नव्हतंच. औंध साताऱ्याकडं. आटपाडी पूर्वेला, माणदेशात. कुंडल कृष्णाकाठाकडं. आणि गुणदाळ थेट विजापूर भागात, जिथं लोक कानडी बोलतात. मधे इंग्रजांचा मुलूख, नाहीतर दुसऱ्या संस्थानिकाचा. इनामं आणि वतनं जिथं जिथं मिळाली तिथं तिथं राज्य, असा प्रकार. एकूण पाचेकशे चौरस मैल, बहात्तर गावं आणि १९३१ च्या सुमाराला पाऊण लाखाच्या घरात वस्ती. वस्तीच्या मानानं आजच्या एका मध्यम तालुक्यापेक्षाही लहान.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे एका ठिकाणचं सर्व्हर नव्हतं, चार ठिकाणी विखुरलेलं नेटवर्क होतं. एका जागी बसून असलं राज्य चालवणं अवघड असतं. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

बाळासाहेब

१९०९ मधे गादीवर आले भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा. या माणसाला तुम्ही नकळत ओळखता. शाळेत सूर्यनमस्कार घातलेत ना? त्याचा प्रसार करणाऱ्यांत यांचं नाव सगळ्यात पुढं. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांमधे घालायला लावायचे, त्यावर पुस्तक लिहिलं. चित्रकार होते. कीर्तन करायचे. औंधचं भवानी वस्तुसंग्रहालय त्यांचंच. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पसुद्धा आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! गेला नसाल तर जाऊन या, जाताना यमाईचं दर्शनही होईल.

किर्लोस्करवाडी हीसुद्धा याच संस्थानातली गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. तिथल्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला ती जागा हवी होती, त्यामुळं त्यांना हलावं लागलं. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली. निवडुंग आणि साप यांचं माळरान. १९१० मधे तिथं वसाहत सुरू झाली. म्हणजे एका नगरपालिकेनं उठवलं आणि एका छोट्या संस्थानानं बसवलं. लोखंडी नांगर करणारं गाव असं उभं राहिलं.

पण इथपर्यंत ही चांगल्या राजाची गोष्ट आहे, आणि चांगले राजे आपल्याकडं आणखीही होते. कोल्हापूरचे शाहू महाराज, बडोद्याचे सयाजीराव. चांगल्या राजाची अडचण एकच असते : तो गेल्यावर काय? सगळी सत्ता एका माणसात. आमच्याकडं याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. तो एक खांब पडला की मांडव खाली.

औंधची गोष्ट वेगळी होते ती १९३८ मधे.

पोलंडचा इंजिनियर

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. जन्म १९१२, ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर. त्यांच्या ओळखीनं औंधात एक माणूस आला, मॉरिस फ्रीडमन. मूळचा पोलंडमधल्या वॉर्सॉचा, ज्यू कुटुंबातला, पेशानं इलेक्ट्रिकल इंजिनियर. म्हैसूर सरकारच्या बंगळूरच्या इलेक्ट्रिक कारखान्याचा प्रमुख म्हणून भारतात आलेला. इथं गांधींच्या विचारांनी भारला गेला, खादी घालू लागला, भारतानंद हे नाव घेतलं. गांधींसाठी सूत कातायचं सुटसुटीत साधन बनवण्यातही त्याचा हात होता. पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठीतली निरूपणं इंग्रजीत नेली तीही यानंच. ते पुस्तक आज जगभर वाचलं जातं.

अप्पासाहेबांनी नंतर जे लिहून ठेवलंय त्यानुसार मूळ कल्पना फ्रीडमनची. तो राजाला म्हणाला, तुम्ही सगळी सत्ता लोकांना देऊन टाका, स्वातंत्र्याच्या लढ्याला त्याची मदत होईल. आणि राजा हो म्हणाला!

नोव्हेंबर १९३८ मधे, वयाची सत्तरी पूर्ण झाली त्याच सुमाराला, बाळासाहेबांनी जाहीर केलं की राज्याची सूत्रं प्रजेकडं देणार. मग बाप-लेक वर्ध्याला गांधींकडं गेले. गांधींनी स्वतः बसून घटनेचा आराखडा करून दिला. २१ जानेवारी १९३९ ला औंधची स्वराज्य घटना लागू झाली.

तो काळ डोळ्यांपुढं आणा. त्याच वेळी राजकोटात, जयपुरात, हैदराबादेत संस्थानी प्रजा हक्क मागत होती आणि मार खात होती, तुरुंगात जात होती. आणि तिकडं इटलीत काय चाललं होतं? मघाशी ज्या कोमूनेचं कौतुक केलं, त्यांचे निवडून आलेले महापौर मुसोलिनीच्या सरकारनं १९२६ मधे काढून टाकले होते. वरून नेमलेला अधिकारी गावावर बसवला होता. ज्या देशात आठशे वर्षांपूर्वी गावकारभार जन्मला, तिथं तो बंद पडला होता, आणि आमच्या माणदेशातल्या आटपाडीत तो सुरू होत होता. इतिहासाला विनोद कळतो, तो असा.

घटना होती कशी?

आता थोडं यंत्र उघडून बघू.

पाया गाव. प्रत्येक गावानं पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतीचा एक अध्यक्ष. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे अध्यक्ष मिळून तालुका समिती. आणि तालुका समित्यांतून निवडून गेलेले लोक मध्यवर्ती विधिमंडळात. चार तालुके : औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ. म्हणजे राज्याच्या विधिमंडळात बसलेला माणूस आधी आपल्या गावानं निवडलेला असला पाहिजे. आज आपण आमदार थेट निवडतो आणि मग गावाच्या कामासाठी त्याच्या मागं फिरतो. इथं उलटं होतं. गावाचा माणूसच वर जायचा.

मघाशी म्हणालो ना, विखुरलेलं राज्य? असल्या राज्याला हीच रचना साजते. गुणदाळच्या कानडी गावाचा पाण्याचा प्रश्न औंधच्या वाड्यात बसून सुटत नाही. तो गुणदाळातच सुटला पाहिजे.

दुसरं म्हणजे न्याय. छोट्या तंट्यांचा निकाल गावातच, स्वस्तात आणि लवकर लागावा हा गांधींचा आग्रह. कोर्टाच्या तारखा घेऊन ज्यांच्या आज्यापणज्यांच्या जमिनी गेल्यात त्यांना याचं मोल कळेल.

तिसरं, राजाचा खर्च. त्याला मर्यादा घातली गेली. तिजोरी राजाची नाही, राज्याची, हे लेखी आलं.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. मताचा हक्क लिहिता-वाचता येणाऱ्याला. ही अट गांधींना हवी होती. त्यांचा हेतू असा, की मत पाहिजे म्हणून माणूस शिकेल आणि राज्याला त्याला शिकवावंच लागेल. हेतू चांगला, मान्य. पण १९३९ च्या माणदेशात लिहिता-वाचता कुणाला येत होतं? ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं केलं जात नव्हतं त्यांचं काय? महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाला, शेतात राबणाऱ्या बाईला ही अट म्हणजे दारावरचं कुलूपच. आटपाडीचेच शंकरराव खरात, पुढं मोठे लेखक आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं 'तराळ-अंतराळ' वाचा, म्हणजे त्या काळात त्या गावात दलित माणसाचं जगणं काय होतं ते कळेल. औंधचं स्वराज्य आणि ते जगणं एकाच तालुक्यातलं आहे. एक सांगायचं आणि दुसरं गाळायचं, हे बरोबर नाही.

दहाच वर्षांत स्वतंत्र भारताच्या घटनेनं ठरवलं, प्रत्येक प्रौढाला मत, शिक्षणाची अट नाही. मला वाटतं, या एका मुद्द्यावर आपली घटना औंधच्या कितीतरी पुढं गेली.

लोकांनी काय केलं?

सुरुवातीला लोक बिचकले. साहजिक आहे. शेकडो वर्षं पाटील-कुलकर्णी-मामलेदार सांगतील ते ऐकायची सवय, आणि एक दिवस राजा म्हणतो, आता तुम्हीच बघा. तुमच्या कंपनीत मॅनेजर अचानक म्हणाला की आजपासून सगळे निर्णय टीम घेईल, तर पहिले दोन आठवडे सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतील आणि मनात म्हणतील, 'यात काहीतरी डाव आहे.' तसंच. पण हळूहळू पंचायती कामाला लागल्या. पुढची आठ-नऊ वर्षं, संस्थान विलीन होईपर्यंत, हा कारभार चालला. अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिलीत, आणि त्यांत याला 'औंधचा प्रयोग' असंच नाव आहे.

या प्रयोगाच्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या सांगायलाच हव्यात.

पहिली स्वतंत्रपूर. १९३९ मधे आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कल्पना पुन्हा फ्रीडमनची. भिंत नाही, बेड्या नाहीत. जन्मठेपेचे कैदी, बायकापोरांसह राहतायत, शेती करतायत. विचार असा, की ज्या राज्यात सत्ता लोकांवर विश्वास ठेवून दिली, तिथं कैद्यावरही विश्वास टाकून बघू. १९५७ चा व्ही. शांतारामांचा 'दो आंखें बारह हाथ' आठवतो? त्याची प्रेरणा हे स्वतंत्रपूर. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा याच भागातले, शेटफळ्याला जन्मलेले, शिकले ते आटपाडी, औंध आणि कुंडलला. म्हणजे ती गोष्ट त्यांनी पुस्तकातून आणली नव्हती, ते औंध संस्थानाचेच पोरगे. त्या सिनेमाला बर्लिनमधे पुरस्कार मिळाला. आणि स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे.

दुसरी गोष्ट कुंडलची. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि आजच्या सांगलीचा मोठा भाग. न्यायदान मंडळं, तुफान सेना, सावकारांना आणि गुंडांना जरब. १९४३ ते १९४६. या चळवळीचं एक मुख्य ठाणं कुंडल, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांचं गाव. आणि कुंडल होतं औंध संस्थानात. नकाशावरची ती ठिगळं आठवा. इंग्रजांच्या पोलिसाला संस्थानाच्या हद्दीत सरळ घुसता येत नसे, आणि संस्थानात कारभार लोकांचा. भूमिगतांना आसरा मिळाला तो अशा जागी. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या गावात पंचायतीत बसून निर्णय घ्यायची सवय लागली होती, त्याच गावातली माणसं पुढं स्वतःचं सरकार चालवायला निघाली. एकामुळंच दुसरं झालं असं मी म्हणत नाही. प्रतिसरकारची मुळं सत्यशोधक चळवळीतही आहेत, शेतकऱ्यांच्या हलाखीतही आहेत. पण माती एकच होती.

शेवट

८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधही गेलं. १९४९ मधे जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मधे सांगली झालं. औंध साताऱ्यात राहिलं. आटपाडी आणि कुंडल सांगलीत गेले. गुणदाळ कर्नाटकात. ज्या चार तालुक्यांनी मिळून एक विधिमंडळ चालवलं, ते आज दोन राज्यांत आणि तीन जिल्ह्यांत आहेत.

बाळासाहेब १९५१ मधे गेले. अप्पासाहेब भारताचे राजदूत झाले. पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन असं करत करत शेवटी रोमला, इटलीत. तिथल्या एखाद्या डोंगरातल्या कोमूनेच्या महापौराशी त्यांची गाठ पडली असेल का, आणि त्याला त्यांनी आटपाडीच्या पंचायतीची गोष्ट सांगितली असेल का, असं माझ्या उगाच मनात येतं.

आणि औंध? ज्या गावातून बहात्तर गावांना स्वराज्य मिळालं ते औंध आज एक ग्रामपंचायत आहे. इतर हजारो गावांसारखी.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. वरून दिलेला हक्क टिकतो का?

औंधमधे एक कच्चा दुवा होता. देणारा राजा होता. त्यानं दिलं म्हणून मिळालं आणि संस्थानच गेलं तेव्हा ते सगळं संपलं. गावानं लढून घेतलेलं नव्हतं, म्हणून विलीनीकरणाच्या वेळी 'आमची पंचायत राहू द्या' असं म्हणायला मागं ताकद उभी नव्हती. पुढं महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि गावपंचायतीला राज्यघटनेचं संरक्षण मिळालं ते ७३ व्या दुरुस्तीनं, १९९३ मधे. औंधची घटना लागू झाल्यावर चोपन्न वर्षांनी! मधल्या कितीतरी काळात गावपंचायतीच्या निवडणुका सरकारच्या मर्जीवर असत. आता निदान तेवढं नाही. आता ती राजाची मेहेरबानी नाही, तुमचा-माझा हक्क आहे.

पण हक्क वापरतंय कोण?

माझं गाव खानापूर तालुक्यात. आमच्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. भारतातलं कुठलंही शहर घ्या, तिथल्या सराफ बाजारात विटा-आटपाडीकडचा गलाईवाला सापडेल. माझे आजोबा कोइमतूरला होते, चुलते अजून तिकडंच आहेत. मी पुण्यात लॅपटॉपपुढं. गावात राहिलेत ते म्हातारे, शेती करणारे आणि दिवाळी-जत्रेला येणारे आम्ही. यात्रेची वर्गणी आम्ही ऑनलाइन पाठवतो, मंदिराच्या कळसाला हात ढिला सोडतो, पण ग्रामसभेला? वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत. गावात विचारा, शेवटच्या ग्रामसभेला किती जण होते. बऱ्याच ठिकाणी कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग पाच-सात जण बसतात, सह्या होतात, ठराव मंजूर. १९३९ मधे लोक बिचकत होते कारण त्यांना सत्ता नवी होती. आपण बिचकत नाही. आपण जातच नाही.

एका माझ्या मित्राचा मुद्दा असा, की "अरे, गाव आता शहराकडं गेलं, ग्रामपंचायतीला काय धरून बसलास?" त्याला मी हे सांगतो. टेंभूचं पाणी कुठल्या शिवारात येणार, ओढ्यातली वाळू कोण उचलणार, गायरानावर सोलरचा प्रकल्प होऊ द्यायचा का, शाळेची पटसंख्या कमी झाली तर ती वाचवायची कशी, या सगळ्यावर पहिला आवाज गावाचा असतो. तुम्ही नाही उठवला तर दुसरा कुणीतरी उठवतो. आणि एक दिवस सातबारा बघताना तुम्ही म्हणता, "हे कधी ठरलं?" ठरलं होतं, मित्रा, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत. तू तेव्हा लोणावळ्याला होतास.

म्हणून या भागाच्या शेवटी तीन कामं सांगतो. फुकटातली आहेत.

एक. 'ई-ग्रामस्वराज' नावाचं सरकारी पोर्टल आहे. तिथं आपल्या गावाचा या वर्षीचा विकास आराखडा आणि खर्च बघा. कुठल्या कामाला किती पैसे, ते उघड आहे. इंजिनियर म्हणून सांगतो, साइट हळू चालते, पण माहिती असते. धीर धरा.

दोन. त्यातलं एक काम निवडा आणि पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा ते जागेवर आहे का बघा. गटार असेल तर गटार, शाळेची खोली असेल तर खोली. भांडू नका, नुसतं बघा आणि फोटो काढा.

तीन. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यातल्या एका दिवशी सुट्टी आहेच. त्या दिवशी ग्रामसभेला जाऊन बसा. पहिल्या वेळी बोलू नका, ऐका. सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना काय अडचणी आहेत तेही कळेल. प्रत्येक वेळी तेच चुकीचे नसतात. आणि आईला, आजीला, भावजयीला सोबत न्या. औंधच्या यादीत ज्यांचं नाव यायला अक्षरओळखीची अट आडवी येत होती, त्यांना आज कुठली अट नाही.

मोर्तेरोनेत तीस माणसं आहेत आणि तरी त्यांचा महापौर आहे. आपल्या गावात तीनशे, तीन हजार आहेत. माणसांची कमी नाही.

औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ, या भागातले कुणी ऐकत असाल आणि तुमच्या घरात त्या पंचायतीत बसलेल्या पणजोबांची काही आठवण असेल, एखादा कागद, एखादा ठराव, तर जपून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात ताई तेलीण आणि वासोटा. तोवर राम राम!